घर कच्चं नाही, कागद कच्चा आहे

(पावस, जि. रत्नागिरी इथल्या मेळाव्यात आमच्या वाडीच्या वतीने जे बोललो ते इथे लिहून काढलं आहे. ज्याला वाचता येतं त्याने वाडीवर बसून मोठ्याने वाचून दाखवावं.)



आम्ही पाच जण मंडणगडच्या डोंगरातून आलो. दोन बाया, तीन बाप्ये. शाळा आमच्यात कुणाची पुरी झालेली नाही. कूड घालता येतो, भुई सारवता येते, वीट पाडता येते. दिवाळी झाली की मुकादमाची गाडी येते आणि आम्ही भट्टीवर जातो ते पावसाच्या तोंडावर परततो. नवरा-बायको पहाटेपासून बसले तर दिवसाला हजारभर विटा पाडतात. आमच्या हातच्या विटांनी किती लोकांची घरं उभी राहिली, याचा हिशेब मुकादमाच्या वहीतही नसेल. आमच्या स्वतःच्या घराला मात्र त्यातली एकही वीट नाही.

हे रडगाणं म्हणून सांगत नाही. लोकांची घरं बांधणारा माणूस घराबद्दल काही बोलू शकतो, एवढ्यासाठी सांगतो. आज आम्हाला घराबद्दलच बोलायचं आहे. जमिनीची लढाई चालू असताना घराचं काय घेऊन बसलात, असं कुणाला वाटेल. पण घर ही जमिनीचीच गोष्ट आहे. ऐका.

पावसमधली दोन घरं

काल संध्याकाळी एसटीतून उतरलो आणि मेळाव्याच्या जागेकडे चालत आलो. गावाचं नावच पावस, आणि पाऊसही तसाच. रत्नागिरीच्या या किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. वाटेत दोन घरं शेजारी शेजारी दिसली. आम्ही तिथेच थांबलो.

एक घर जुनं. जांभ्याच्या चिऱ्यांचं उंच जोतं, चिऱ्यांच्याच भिंती, पुढे पडवी, वर कौलारू छप्पर. पाखं एवढी उतरती की पाणी थांबायला जागाच नाही. वळचण भिंतीच्या बाहेर चांगली हातभर आलेली, म्हणजे पागोळी भिंतीवर न पडता अंगणात पडते. भिंतीला माडाच्या झावळांची झापं बांधायच्या खुंट्या अजून होत्या. पावसाळ्याआधी झापं लावायची, दिवाळीला काढायची. भिंत भिजत नाही, आत ओल येत नाही.

दुसरं घर नवं. सिमेंटचं, वर सपाट स्लॅब. आणि त्या स्लॅबच्या डोक्यावर लोखंडी नळ्या उभ्या करून पत्र्याचं उतरतं छप्पर घातलेलं. आम्ही हसलो. स्लॅब गळतो म्हणून त्याला टोपी घालावी लागली. असं आता सगळ्या कोकणात दिसतं. आधी स्लॅबचे पैसे, मग पत्र्याचे पैसे. शेजारच्या जुन्या घराने जे पहिल्यापासून सांगितलं होतं, तेच दुप्पट खर्च करून शेवटी ऐकलं.

चिऱ्याची गंमत तुम्हाला माहीत आहे. जांभा खाणीत ओला असतो तेव्हा हत्याराने कापता येतो. बाहेर काढून ऊन-वाऱ्याला ठेवला की टणक होतो. सड्यावर राहणाऱ्या माणसाने हे कधी ओळखलं ते कुणी लिहून ठेवलेलं नाही. इंग्रजांच्या कंपनीचा बुकानन नावाचा साहेब केरळात फिरला, तिथे लोक हाच दगड कापून विटेसारखा वापरतात हे त्याने पाहिलं, आणि 1807 साली छापलेल्या पुस्तकात त्याला लॅटिन भाषेतल्या विटेच्या शब्दावरून ‘लॅटराइट’ नाव दिलं. ज्ञान होतं कापणाऱ्याच्या हातात, पण कागदावर गेलं ते बघणाऱ्याचं नाव. आपल्या बाबतीत हे नेहमीचंच आहे.

आपलं घर कसं उभं राहतं

चिऱ्याचं घर खोताचं, बागायतदाराचं. आपलं घर कुडाचं. पण दोन्ही घरांची अक्कल एकच: पाणी अडवायचं नाही, वाट करून द्यायची, आणि सामान जवळचं घ्यायचं.

कुडाचं घर कसं असतं ते पोरांसाठी सांगतो, कारण भट्टीवर वाढलेल्या पोरांनी ते बांधताना पाहिलेलंच नाही. आधी दगडमातीचं जोतं. मग ऐनाच्या नाहीतर किंजळाच्या मेढी. मेढीला वर बेचकं असतं, त्यात आढं बसतं. आढ्यावरून वासे, वाशांवर बांबूच्या कामट्या, वर गवत नाहीतर कौलं. भिंतीला कारवी. कारवी उभी लावायची, बांबूच्या आडव्या कांब्यांनी आवळायची, आणि दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायचं. बांधायला केवणीचा वाक. खिळा एकही नाही.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. सगळा डोंगर एकदम निळा-जांभळा होतो, मग बी पडतं आणि झाड वाळतं. आमची आजी म्हणायची, कारवी फुलली की पुढच्या घराची तयारी करा. वाळलेली काठी न्यायची, खाली बी पडलेलंच असतं, डोंगर पुन्हा भरतो. बांबू तोडायचा तो अंधाऱ्या पंधरवड्यात, पाऊस सरल्यावर, आणि कोवळा कधीच नाही. तोडून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात टाकायचा. बांबूत साखर-पिठासारखा अंश असतो, त्यावर भुंगा जगतो. पाण्याने तो अंश निघून गेला की भुंगा कमी लागतो. हे आमच्या बापजाद्यांना ठाऊक होतं. शिकलेले लोकही आता तेच सांगतात.

लॉरी बेकर नावाचा एक घरं बांधणारा माणूस होऊन गेला. जन्माने इंग्रज, राहिला भारतात, 1990 साली त्याला पद्मश्री मिळाली, 2007 साली केरळात वारला. तरुणपणी मुंबईत बोटीची वाट बघत असताना त्याची गांधीजींशी गाठ पडली. घर बांधायचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, अशा अर्थाचं गांधीजी त्याला बोलले, आणि ते तो जन्मभर धरून राहिला. पुढे हिमालयात पिथोरागडच्या बाजूला राहून तिथल्या डोंगरी माणसांची बांधणी त्याने शिकून घेतली. मोठा माणूस, कारण शिकला आणि कुणाकडून शिकला तेही सांगितलं.

आता आपल्या वाडीभोवती पाच मैल मोजा. कारवी, बांबू, माती, दगड, गवत, शेण, वाक, मेढीचं लाकूड. सगळं आहे. फक्त हात लावायची परवानगी नाही. खरी अडचण इथे आहे.

‘कच्चं’ कोण म्हणतं?

सरकारी माणूस येतो, घराकडे बघतो आणि फॉर्मवर खूण करतो: कच्चं. विटा-सिमेंट दिसलं की पक्कं. घर किती वर्षं उभं आहे, गळतं का, उन्हाळ्यात आत झोपवतं का, हे विचारतच नाही.

डहाणूकडच्या वारली भावांचं बघा. त्यांच्या कुडाच्या भिंतीवर गेरू लावून तांदळाच्या पिठाने जी चित्रं काढतात, ती आज देशोदेशी जातात. जिव्या सोमा म्हशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली. चित्राला मान, आणि ज्या भिंतीवर ते चित्र जन्माला आलं ती भिंत कागदावर कच्ची.

कुणी म्हणेल, भूकंप आला तर? 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीला हजारो माणसं मेली. ती कुडाखाली नाही मेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, ते अंगावर आलं. हलकं घर हललं तरी माणसाला चिरडत नाही. पण यातून हेही शिका की जुनं म्हणून सगळं चांगलं असं नाही. किल्लारीची घरंही तिथल्याच दगडमातीची होती. जवळचं सामान घ्यायचं ते डोळे उघडे ठेवून.

घरकुलाचं ऐका. इंदिरा आवास योजनेत केंद्राने 2010 साली सपाटीला 45,000 आणि डोंगराळ भागाला 48,500 रुपये धरले. आमच्या वाडीवर चार घरकुलं आली. ठेकेदार म्हणाला, मी बांधून देतो, तुम्ही अंगठा द्या. वाळू, सिमेंट डोंगरावर चढवता चढवता पैसे संपले. दोन घरं खिडकीच्या वरपर्यंत येऊन थांबली. दोनांवर पत्रा पडला. उन्हाळ्यात त्यात माणूस बसत नाही, शेरडं बांधतो. माणसं बाजूच्या कुडात झोपतात.

आम्हाला उशिरा कळलं ते तुम्हाला आताच सांगतो. 2016 पर्यंत चाललेल्या त्या योजनेच्या नियमांत ठेकेदार लावायचाच नाही असं लिहिलेलं होतं. घर ज्याचं त्याने बांधायचं. ठरावीक नमुना लादायचा नाही, आणि होईल तेवढं जवळचं सामान वापरायचं. घर बाईच्या नावावर, नाहीतर नवरा-बायको दोघांच्या नावावर करायचं. म्हणजे कुडाचं, जांभ्याच्या जोत्याचं, कौलांचं नीट घर आपण त्या पैशात स्वतः बांधू म्हटलं असतं, तर ते नियमाबाहेर नव्हतं. आम्ही न विचारता अंगठे दिले, ही आमची चूक.

आजीचं जोतं

आता मूळ गोष्टीला येतो. आमच्या वाडीवर एक आजी आहे. तिचं घर वनखात्याच्या हद्दीत. नवरा गेला, मुलं भट्टीवर, आजी पण त्यांच्याबरोबर नातवंडं सांभाळायला गेली. लागोपाठ दोन वर्षं सारवण झालं नाही, गवत बदललं नाही. दुसऱ्या पावसात घर बसलं. कुडाचं घर माणूस नसला की मातीला मिळतं. जिवंतपणी ते कुणाला त्रास देत नाही आणि मेल्यावर कचरा ठेवत नाही. हा त्याचा गुण. पण तोच आजीच्या मुळावर आला.

वनहक्काच्या दाव्याची पाहणी करायला लोक आले. म्हणाले, इथे तर रान आहे, घर कुठे? आजी काही बोलेना. मग वाडीतल्या बाया पुढे झाल्या. कोयत्याने रान साफ केलं, हाताने माती बाजूला केली. खाली जोत्याचे दगड ओळीने निघाले. चार कोपऱ्यांना मेढींचे खड्डे, त्यात कुजक्या लाकडाचा भुगा. मधे चुलीचे तीन दगड, काळे पडलेले. मागच्या दाराशी पाणी जायची दगडी पन्हळ. एक बाई म्हणाली, माझा नवरा याच चुलीपुढे जन्मला, लिहा. पाहणीवाल्यांनी पंचनाम्यात लिहिलं. दाव्याचा निकाल अजून नाही.

त्या दिवशी आम्हाला कळलं की घर हाच आपला सातबारा आहे.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. 2006 चा वनहक्क कायदा. 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून वनजमिनीवर राहत असलेल्या आदिवासीला ती जमीन राहण्यासाठी किंवा कसण्यासाठी धरण्याचा हक्क आहे, जास्तीत जास्त 4 हेक्टर. लक्षात घ्या, ‘राहण्यासाठी’ हा शब्द कायद्यात आहे. आपण शेताचा दावा करतो आणि घराची जागा विसरतो. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. नियम 13 मध्ये पुराव्यांची यादी आहे. त्यात घर, झोपडी, बांध, जमिनीची सपाटी आहे. विहीर, मसणवट, देवाची जागा आहे. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब आहे. नुसता कागदच पाहिजे असं कुणी म्हटलं, तर त्याला नियम 13 दाखवा. आणि एकच पुरावा देऊन थांबू नका, जास्त जोडा.

सामानाचंही त्याच कायद्यात आहे. गौण वनोपजावर आपली मालकी आहे, आणि बांबू, वेत, झाडोरा हे गौण वनोपजात आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. मात्र इमारती लाकूड गौण वनोपजात धरत नाहीत. मेढी-वाशांसाठी आपण पिढ्यान् पिढ्या जे लाकूड आणतो, तो निस्ताराचा हक्क म्हणून सामूहिक दाव्यात वेगळा लिहावा लागतो. कारवीचं नाव कायद्यात नाही. म्हणून आपण लिहायचं, कारवी, केवणीचा वाक, छपराचं गवत, लिंपणाची माती, एकेक नावानिशी. जे लिहिलं नाही ते उद्या चोरी ठरतं.

आणि रत्नागिरी जिल्ह्यात आणखी एक अडचण. इथे सरकारी जंगल थोडं, मालकीचं रान फार. आपल्या किती वाड्या मालकाच्या जमिनीत आहेत! तिथे वनहक्क कायदा पोचत नाही. तिथे 1948 चा कुळकायदा बघा. कलम 16 प्रमाणे कुळाला राहत्या घरातून सहजासहजी उठवता येत नाही. कलम 17 आणि 17-ब घराखालच्या जागेबद्दल आहेत, आणि त्यात शेतमजूर आणि कारागीरही येतात. मालक म्हणतो, मी दयेने राहू दिलं. दया नाही, हक्क आहे. पण इथेही प्रश्न तोच येतो: घर कधीपासून आहे, दाखवा. म्हणजे पुन्हा जोतं.

आपल्या बाजूचंही उणं सांगतो

खोटं बोलायचं नाही. कुडाला वाळवी लागते. चुलीची ठिणगी गवताला लागली तर घर जातं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे सारवण. दर आठ-पंधरा दिवसांनी शेणमाती कालवायची ती बाईने, पाणी डोक्यावरून आणायचं तेही बाईने. आमच्यातल्या दोघी इथे येताना गाडीत म्हणाल्या, तुम्ही बाप्ये कुडाचं कौतुक करता, सारवायला कधी बसलात का? उत्तर नव्हतं. म्हणून घर कशाचं बांधायचं हे बाईला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. जिला फरशी पाहिजे तिने फरशी घालावी. झोपडीतच राहा असं आम्ही कुणाला सांगत नाही. निवड आपली असावी, ठेकेदाराची नको, एवढंच.

सुधारणा करता येतात. मेढ थेट मातीत न पुरता खाली दगड द्या, वाळवी कमी लागते. जोतं गुडघ्याएवढं तरी उंच करा आणि दगडाचं करा, घर बसलं तरी जोतं साक्ष देतं. चुलीवरच्या पाख्याला तरी गवताऐवजी कौलं घाला. या गावातली जुनी घरं पाडतात तेव्हा वासे आणि कौलं स्वस्तात जातात, ती घ्या. चांगला वासा दुसऱ्या घरालाही चालतो, म्हणजे एक ऐन उभा राहिला.

आणि जंगलाला बजावून सांगितलेलं आहे तसं वागा. हक्क मागतो तर राखणही आपली. कोवळा बांबू तोडणारा आपल्यातला असला तरी त्याला ग्रामसभेत उभा करा.

पावसाआधी काय करायचं

आमच्या वाडीने ठरवलं ते असं. तुम्हाला पटलं तर तुम्हीही करा.

1. प्रत्येक घराचं जोतं दोरीने मोजायचं. लांबी, रुंदी, दगड कसला, मेढी किती, चूल कुठे, हे वहीत लिहायचं. बसलेली, सोडलेली घरं आधी.

2. भट्टीवर जायच्या आधी वाडीतल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घ्यायचा. घर कुणी बांधलं, कोणती कारवी फुलली त्या साली बांधलं, हेसुद्धा.

3. ग्रामसभेत ठराव करून घराच्या जागेचा दावा आणि घराच्या सामानाचा सामूहिक दावा, दोन्ही घालायचे. पोच घेतल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

4. घरकुलाचा अंगठा ठेकेदाराला द्यायचा नाही. पाच घरांनी एकमेकांकडे हात लावून घरं उभी करायची.

5. जे भट्टीवर जातील त्यांची घरं मागे राहणाऱ्यांनी सारवायची. हे बायांनी एकट्यांनी नाही, बाप्यांनीही.

पाचवं कलम आजीच्या घरावरून आलं. त्या दोन वर्षांत आमच्यातल्या कुणी चार टोपल्या माती तिच्या भिंतीला लावली असती, तर पाहणीवाल्यांना उभं घर दिसलं असतं. ही चूक वनखात्याची नाही, मालकाची नाही, आमची आहे. म्हणून ती इथे सगळ्यांपुढे सांगितली.

आजी आता परत आली आहे. जुन्या जोत्यावरच मेढी उभ्या करायच्या ठरल्या आहेत, निकालाची वाट न बघता. बांबू ओढ्यात टाकलेला आहे. पुढच्या मेळाव्याला आलो की काय झालं ते सांगू.

जोहार! जिंदाबाद!